गुडघ्याचे ऑपरेशन, निवड चाचणी आणि बारावी सायन्स

सौ. ताई, सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली सतरा वर्षांची मुलगी गावच्या संघातून चढाई करते, गेल्या वर्षी शालेय कबड्डीत विभागीय स्पर्धेपर्यंत पोहोचली, आणि सरावात मध्यरेषेकडे वळताना तिचा डावा गुडघा गेला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा लिगामेंट, पूर्ण तुटल्याचे दिसले आणि ऑपरेशनला आता पाच महिने झाले आहेत. तीन महिन्यांनी कुमारी गटाची जिल्हा निवड चाचणी आहे. प्रशिक्षक म्हणतात, नी-कॅप घालून उतरू द्या. मोठे दीर म्हणतात, पुरे झाला खेळ, बारावीचे वर्ष आहे, मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या क्लासला घाला. आणि मुलगी म्हणते, ही चाचणी हुकली तर माझे सगळे संपले. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

या वर्षीची चाचणी तिने देऊ नये, आणि खेळही सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणजे तिघांपैकी कोणाचेच पूर्णपणे ऐकू नये. मात्र तिघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे आणि ते वेगळे काढता येते.

आधी गुडघ्याविषयी, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावर टेकलेले आहेत. तुटलेल्या एसीएलच्या जागी शस्त्रक्रियेत शरीरातलाच एखादा स्नायूबंध घेऊन बसवतात. तो जागेवर रुजायला आणि झटका सोसण्याइतका पक्का व्हायला बराच काळ जातो, आणि घोटाळा असा की दुखणे त्याच्या कितीतरी आधी थांबते. पाचव्या महिन्यात मुलगी जिने चढते, सायकल मारते, सूज नसते, त्यामुळे तिला आणि बघणाऱ्यांना ती बरी झाली असे वाटते. परंतु सरळ धावणे वेगळे आणि कबड्डी वेगळी. चढाईत बोनस रेषेपलीकडे पाय टाकून एका पायावर थांबायचे, कोपऱ्याची खेळाडू घोट्याला आली की त्याच पायावर गर्रकन वळून मध्यरेषेकडे झेपावायचे, आणि तेवढ्यात कोणी मांडी धरली तर सगळ्यांचे वजन घेऊन ओढत जायचे; हा लिगामेंट तुटतो तो नेमका अशाच हालचालीत. म्हणून स्पर्धेच्या खेळाकडे परतण्यासाठी किमान नऊ महिने थांबावे, असे आता सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि घाईने उतरलेल्या तरुण खेळाडूंमध्ये तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा जाण्याचे प्रमाण जास्त आढळते. मुलींमध्ये या दुखापतीचा धोका मुळातच मुलांपेक्षा अधिक असतो. आपल्या मुलीची चाचणी आठव्या महिन्यात येते. नी-कॅपने गुडघ्याला ऊब मिळते आणि मनाला धीर येतो. वळताना आतल्या लिगामेंटवर येणारा ताण ती रोखू शकत नाही.

शिवाय नऊ महिने उलटले की आपोआप परवानगी मिळाली, असेही समजू नये. कॅलेंडरपेक्षा तपासणी महत्त्वाची. फिजिओथेरपिस्ट दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजतात, दोन्ही पायांची ताकद पाहतात, एका पायावर लंगडी घालायला लावून अंतर मोजतात; दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्क्यांपर्यंत यावा, अशी अपेक्षा असते. त्याखेरीज उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो का, हेही डोळ्यांनी पाहिले जाते. फिजिओ चाळीस किलोमीटरवर आहेत आणि प्रत्येक खेपेला रजा व भाडे पडते, असे आपण लिहिले आहे. मग रोज जाण्याचा हट्ट नको. पंधरा दिवसांतून एकदा जाऊन पुढचे व्यायाम समजून घ्यावेत, घरी एका वहीत रोजचे व्यायाम, संध्याकाळची सूज आणि आठवड्याचे वजन लिहावे, आणि ती वही प्रत्येक भेटीत दाखवावी. वजनाचे मुद्दाम सांगतो, कारण कुमारी गटात वजनाची अट असते आणि विश्रांतीच्या महिन्यांत ते नकळत वाढते.

आता मुलीच्या म्हणण्याकडे वळतो. जिद्द म्हणजे दुखणे सोसून मैदानात उतरणे, ही समजूत तिच्या मनात बसली आहे, आणि त्यात तिचा दोष नाही. आपल्याकडे खेळाडूंच्या सत्कारात हेच ऐकवले जाते. तिला कुस्तीगीर विनेश फोगाटचे उदाहरण तारखांसह सांगा. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व लढतीत विनेशचा गुडघा गेला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. ती मोठ्या स्पर्धेत परतली मे २०१७ मध्ये, नवी दिल्लीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, आणि तिथे रौप्यपदक मिळवले. पुढच्या वर्षी तिने राष्ट्रकुल आणि आशियाई, दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली तेव्हा हांगझोची आशियाई स्पर्धा तिने सोडून दिली, आणि वर्षभराने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीपर्यंत गेली. वजनामुळे ती तिथे अपात्र ठरली ते सर्वांना ठाऊक आहे. पण गुडघ्याने तिला दगा दिला नव्हता. यातला जिद्दीचा भाग मला त्या मधल्या महिन्यांत दिसतो, जेव्हा प्रेक्षक नसतात, टाळ्या नसतात, आणि भिंतीला पाठ लावून बसण्याचा तोच व्यायाम रोज करायचा असतो. आपली मुलगी तो करते आहे की टाळते आहे, यावरून तिच्या चिकाटीचा अंदाज आपल्याला चाचणीपेक्षा लवकर येईल.

आणि तिचे काही संपत नाही. कुमारी गटाची मर्यादा वीस वर्षांखालील आहे, शालेय स्पर्धांत एकोणीस वर्षांखालील गट आहे, त्यानंतर विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे. सतराव्या वर्षी एक हंगाम गेला, एवढेच या वर्षाचे नुकसान. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. टोकियो ऑलिंपिकच्या संघात त्याला जागा मिळाली नाही, आणि पॅरिसमध्ये २०२४ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने पहिल्याच ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतले. कुस्तीगीर खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या कथेतली एक गोष्ट सत्कारात सांगायची राहून जाते: मधली अनेक वर्षे तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. दरमहा पगार येत होता म्हणून थांबता आले. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठीही कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. चिकाटीला खाली कशाचा तरी आधार लागतो, आणि आपल्या मुलीसाठी तो आधार काय असेल, हा प्रश्न तिच्या काकांनी काढलेला नसला तरी त्यांच्या बोलण्यामागे तोच आहे.

म्हणून काकांचे अर्धे ऐकावे. येत्या चार-पाच महिन्यांत मैदानाचे जे तास वाचतात ते बारावीला द्यावेत. मात्र नीटचा मोठा क्लास, त्याची मोठी फी आणि 'डॉक्टरच व्हायचे' हे ओझे तिच्यावर आत्ता घालू नये. आपल्या पत्रात एक वाक्य आपण सहज लिहून गेला आहात: तिला भौतिकशास्त्र नकोसे वाटते, पण जीवशास्त्र आवडते आणि फिजिओला ती प्रत्येक व्यायामाचे कारण विचारते. मला ते वाक्य फार मोलाचे वाटले. महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो आणि त्यासाठी एमबीबीएसइतके गुण लागत नाहीत. शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड. पदवीनंतर करता येते, प्रशिक्षक व्हायचे तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आहे. यांपैकी काय, हे आज ठरवण्याची गरज नाही. नीटचा अर्ज भरून परीक्षा द्यावी, म्हणजे एक दार उघडे राहील.

नोकरीतल्या खेळाडू आरक्षणाबद्दल आपल्या घरात थोडा गैरसमज दिसतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, हे खरे. पण तिथे नुसते सहभागाचे प्रमाणपत्र चालत नाही. राज्य किंवा त्यावरच्या पातळीवरील यश लागते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून ही पडताळणी कडक झाली आहे आणि ते योग्यच आहे. तिचे विभागीय स्पर्धेचे प्रमाणपत्र आज या आरक्षणाला पुरणार नाही. पोलीस शिपाई भरतीचा विचार असेल तर तिथे मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक मिळून ५० गुणांची मैदानी परीक्षा असते. म्हणजे खेळाचे आरक्षण मिळो न मिळो, धड गुडघा तिथेही हवाच. एका चाचणीसाठी तो पणाला लावणे मला म्हणूनच परवडणारे वाटत नाही.

'उद्या लग्न ठरवताना ऑपरेशनचे काय सांगायचे' असे नातेवाईक विचारतात, ते आपण संकोचाने लिहिले आहे. ऑपरेशन झाले असे सांगायचे. याहून जास्त विचार या मुद्द्याला देण्याची गरज नाही, आणि मुलीसमोर तो विषय निघू देऊ नये, ही विनंती.

प्रशिक्षकांशी मात्र वैर नको, तिला पुढे त्यांच्याच हाताखाली खेळायचे आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून 'अमुक तारखेपर्यंत स्पर्धात्मक खेळास मनाई' असे लेखी पत्र घ्यावे आणि त्याची एक प्रत प्रशिक्षकांना, एक जिल्हा संघटनेला द्यावी. तोंडी नकार दिला की मुलगी घाबरली अशी कुजबुज होते, डॉक्टरांच्या पत्राने ती होत नाही. चाचणीच्या दिवशी तिने जरूर जावे, गुण लिहायला बसावे, संघासोबत राहावे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर फिजिओंची तपासणी झाली की तिचे आकडे मला कळवावेत, आणि शक्य असेल तर ते पत्र तिने स्वतः लिहावे.