मियाजिमाला प्रथमच जाताना

जपानमधील हिरोशिमाहून मियाजिमा या बेटासाठी अर्धा दिवस पुरेल, हा नवख्या प्रवाशांचा नेहमीचा अंदाज असतो. तुम्ही पूर्ण दिवस ठेवावा आणि त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहावे. इत्सुकुशिमा मंदिर आणि समुद्रात उभे असलेले त्याचे सुमारे १६ मीटर उंचीचे तोरी, म्हणजे महाद्वार, भरतीच्या वेळी पाण्यावर तरंगल्यासारखे भासतात, तर पुरेशी ओहोटी असल्यास त्याच तोरीच्या खांबांपर्यंत चालत जाता येते. भरती आणि ओहोटीत साधारण सहा तासांचे अंतर असल्याने दोन्ही रूपे एकाच दिवशी पाहणे बहुधा जमते.

मियाजिमागुची या समोरच्या किनाऱ्यावरील धक्क्यावरून बेटावर जायला फेरी बोटीने दहा मिनिटे लागतात. मंदिरात दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या आणि पुन्हा एकदा नमस्कार, एवढा विधी पुरे.

खाण्याच्या बाबतीत तीन गोष्टी सांगतो:

- शिंपल्यासह भाजलेली कालवे खावीत. हिवाळ्यात ती अधिक भरदार असतात.
- अनागो-मेशी, म्हणजे भातावर मांडलेली भाजकी वाम, दुपारीच खावी, कारण बहुतेक दुकाने संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात.
- मोमिजी मांजू ही मेपलच्या पानाच्या आकाराची गोड वडी गरम असतानाच घ्यावी. शाकाहारी मंडळींनी मात्र तिच्या आवरणात सहसा अंडे असते, हे ध्यानात ठेवावे.

बेटावर मोकळ्या फिरणाऱ्या हरणांना काहीही खाऊ घालू नये, आणि तिकिटे व नकाशे पिशवीतच ठेवावेत. ती कागदही खातात.