चिठ्ठी मुठीत धरून बसू नकोस

पोरी,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा तुमचा तो अवकाशातल्या जहाजाचा खेळ, ज्यात प्रत्येकजण एकेक पात्र होतो. पायलट जहाज हाकतो, इंजिनियर इंजिनाशी झटापट करतो, मरीन गोळ्या झाडतो, आणि इंटेलिजन्स ऑफिसर, म्हणजे हेर, घेतलेली तू तीन तास रेफरीने (खेळ चालवणाऱ्याने) गुपचूप दिलेल्या चिठ्ठ्या वाचत बसतेस. वाचलेलं सांगायचं नाही, कारण ते 'गुप्त'. एकदा धीर करून सांगितलंस तर कॅप्टनने हसण्यावारी नेलं. म्हणून आता हे पात्र सोडून मरीन घ्यायचा विचार आहे म्हणतेस.

घेऊ नकोस. गोळ्या झाडायला टेबलावर चौघं आधीच बसलेत.

मोबाइलवर एवढं टंकायचा मला कंटाळा, म्हणून हे पत्र. सगळ्या अवकाशात तुझ्या पात्राला एकच काम आहे, कळलं की सांगायचं. वेश बदलणं, कुलपं उघडणं, बंदरावरच्या दारूच्या अड्ड्यात कान देऊन बसणं, हे सगळं कळण्यासाठी. पण कळलेलं तुझ्या वहीतच राहिलं तर तू अधिकारी नाहीस, तिजोरी आहेस.

तुम्ही जो खेळ खेळताय, ट्रॅव्हलर, तो मूळचा १९७७ सालचा आहे, मार्क मिलरचा. त्यातला जम्पचा, म्हणजे एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी घ्यायचा, नियम तुम्ही पोरं पेट्रोलच्या हिशोबासारखा वापरता आणि पुढं जाता. अगं, अख्खं हेरखातं त्या नियमातच दडलंय! जम्पला साधारण एक आठवडा लागतो. एक पार्सेक (ताऱ्यांमधलं अंतर मोजायचं माप) जा नाहीतर सहा, आठवडा तो आठवडाच. आणि प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा रेडिओ त्या विश्वात नाही, म्हणजे बातमीसुद्धा जहाजात बसूनच येते. आमच्या लहानपणी गावाकडं फोन नव्हते तेव्हा अक्कलकोटची बातमी एसटीबरोबर यायची, तसलाच प्रकार. एक्स-बोटींची टपाल व्यवस्था आहे खरी, पण त्याही जम्पच करतात. साम्राज्याच्या राजधानीतला हुकूम सीमेवरच्या स्पिनवर्ड मार्चेस प्रांतापर्यंत पोचायला महिनोन्‌महिने जातात.

आता तुमचं जहाज बघ. फ्री ट्रेडर, म्हणजे छोटं व्यापारी जहाज, दोनशे टनी, जम्प-१ (एका उडीत एकच पार्सेक). शेजारच्या ताऱ्यावरून तू विचारणा केलीस तर जायला एक आठवडा, यायला एक आठवडा. म्हणजे तुझ्या हातातली प्रत्येक बातमी शिळी आहे. किती शिळी, हे टेबलावर फक्त तुलाच ठाऊक असतं. परवा कॅप्टन म्हणाला, "बंदरावर एकच गस्ती नौका आहे," आणि तू मान डोलावलीस. तिथंच बोलायला हवं होतं. "एक होती. ही बातमी तीन आठवड्यांपूर्वीची आहे." एवढं एक वाक्य, आणि पायलटपासून मरीनपर्यंत सगळे पुढं सरकून बसले असते. तुझी बंदूक हीच, आणि तू ती म्यानात ठेवून फिरतेस. (बंदुकीला म्यान नसतं, माहितेय. वाक्य राहू दे.)

सांगायचं कसं, तेही सांगतो, कारण 'मला वाटतं धोका आहे' हे कुणीच ऐकत नाही. कॅप्टन काय, मीही ऐकणार नाही. ब्रिटिश नौदलाच्या हेरखात्यातून आलेली आणि पुढं नाटोने उचललेली एक प्रतवारी आहे. बातमी देणाऱ्याला ए ते एफ अशी अक्षरं, आणि बातमीला १ ते ६ असे आकडे. ए म्हणजे पूर्ण भरवशाचा माणूस, एफ म्हणजे भरवसा जोखताच येत नाही. १ म्हणजे दुसरीकडून खात्री झालेली बातमी, ६ म्हणजे खरी-खोटी ठरवता येत नाही अशी. खुबी ही की दोन्ही वेगवेगळं जोखायचं. पक्का खोटारडासुद्धा एखादे दिवशी खरं बोलतो, आणि सज्जन माणूस ऐकीव गोष्ट प्रामाणिकपणे चुकीची सांगतो. गोदीतला तुझा खबऱ्या हमाल 'बी' आहे, पण त्याने आणलेली बातमी '४' असू शकते. कॅप्टनला 'बी-४' म्हण आणि पुढं एका ओळीत कारण दे. कौटिल्यानेही तीन हेरांचं बोलणं जुळलं तरच विश्वास ठेवायला सांगितलंय. इतक्या वर्षांत फरक काय पडला म्हणशील तर आता अक्षरं इंग्रजी आहेत.

आणि हेरगिरीचे फासे रेफरीला पडद्याआड टाकू दे. दोन फाशांवर आठ किंवा जास्त हवेत, म्हणजे कौशल्य शून्य असेल तर ३६ पैकी १५ वेळाच जमतं. तुझ्यासारखं कौशल्य २ असेल तर ते बेरजेत धरून ३६ पैकी २६ वेळा. तू स्वतः फासे टाकलेस की पडलेला आकडा बघूनच बातमी खरी का खोटी ते तुला कळतं आणि गंमत जाते. त्याने झाकून टाकले तर तुझ्या हातात बातमी आहे, खात्री नाही. मग 'बी-४' हे नाटक राहत नाही, ते तुझं खरंखुरं मत होतं.

आता चिठ्ठ्यांचं. इथं माझा आवाज चढणार, आधीच सांगून ठेवतो.

तू लिहिलंस, "काका, पण झोदानी (खेळातले साम्राज्याचे शत्रू) मन वाचतात. जितक्या कमी लोकांना माहीत तितकं सुरक्षित. खरे हेर असंच करतात." बरोबर. खरे हेर असंच करतात आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. तुझ्या टेबलावरची पोरं रविवारची झोप मोडून जुळे सोलापूरला येतात, ती काय तुझ्या मुठीतली घडी केलेली चिठ्ठी बघायला? जहाजावरच्या मरीनला माहीत नसलं पाहिजे, कबूल. पण मरीन खेळवणाऱ्या पोराला का माहीत नको? पात्राला अंधारात ठेव, माणसाला नको. चिठ्ठी मोठ्याने वाच. "माझ्या पात्राला कळलंय की मालाच्या तिसऱ्या पेटीत शस्त्रं आहेत. ती हे कुणालाच सांगत नाहीये." बघ मग काय होतं. तो मरीन मुद्दाम त्याच पेटीवर बसून बिडी ओढेल. झोदानी अधिकारी समोर आला की तुझ्याआधी इंजिनियरच्या छातीत धडधडेल, कारण पेटीत काय आहे ते त्यालाही ठाऊक आहे आणि बोलायची सोय नाही. गुपिताची मजा गुपित माहीत असण्यात आहे. न सांगितलेल्या गुपिताची मजा तुला एकटीला, आणि तीही फार तर दहा मिनिटं.

म्हणून परत तेच, कळलं की सांग. कॅप्टनला पात्र म्हणून सांग, बाकीच्यांना खेळाडू म्हणून सांग. पण सांग.

तुला कुणीतरी सांगितलं असेलच की काका या बाबतीत हट्टी आहेत, याच्यावरून त्यांनी चांगला ग्रुप मोडला. तर ऐक. आमच्यात एकजण होता, चिठ्ठ्यांचा भारी शौकीन. मैत्रीला हिरा माणूस. त्याच्या पात्राने कित्येक महिने आमचं जहाज शत्रूला विकायचं चालवलं होतं. रेफरी आणि तो, दोघांनाच माहीत. मी म्हणत होतो की हे टेबलावर उघडं करा, आपण सगळे मिळून त्या गद्दारीला खतपाणी घालू, मस्त शेवट होईल. ऐकलं नाही. एके संध्याकाळी त्याने पत्ता उघडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वा वा म्हणाले. आणि पुढच्या रविवारी आले दोघं. लोकांना गद्दारीचा राग नव्हता गं. इतके महिने आपण जे खेळलो ते खोटंच चाललं होतं, हे जिव्हारी लागलं. मी त्या संध्याकाळी टाळ्या न वाजवता उठून गेलो, ते अजून ऐकवतात मला. उठलो म्हणून ग्रुप मोडला म्हणे! ग्रुप त्याआधीच मोडला होता, मी फक्त चपला आधी घातल्या. आजही उठेन. वाईट एवढंच वाटतं की त्या जहाजाचं पुढं काय झालं असतं ते कधी कळणार नाही, आणि तो मित्र नवी पेठेत समोरून आला तरी आता नुसती मान हलवतो.

असो. तुझ्या पात्राकडे येतो.

ट्रॅव्हलरच्या नव्या आवृत्तीत एजंट हे करिअर आहे, त्यात इंटेलिजन्सची शाखा. पात्र बनवताना तुला कॉन्टॅक्ट, म्हणजे ओळखीची माणसं, मिळाले, एक रायव्हल, म्हणजे प्रतिस्पर्धी, मिळाला. त्यांची तू नावंसुद्धा ठेवलेली नाहीस! पात्राच्या कागदावर नुसतं 'कॉन्टॅक्ट – २' असं लिहिलंय. तुझं खरं शस्त्रागार ते, आणि रिकामं. सोलापूरची पोरगी तू, तुला कॉन्टॅक्ट शिकवायचे का? पूर्व भागात मागावर बसणाऱ्या माणसाशी तेलुगूत दोन शब्द बोललं की तो वेगळं सांगतो, तेच मराठीत विचारलं की "चाललंय की" म्हणून मोकळा. अक्कलकोट रोडला कानडी, विजापूर वेशीत दखनी. एकाच गोष्टीच्या तीन भाषांत तीन बातम्या निघतात, आणि तीन जुळल्या तर कौटिल्य खूश. असा एक माणूस तुझ्या स्टारपोर्टवर उभा कर. तो कुठं राहतो, कशाचा धंदा करतो, तुझं त्याच्यावर काय ऋण आहे किंवा त्याचं तुझ्यावर. रायव्हल तर त्याहून कामाचा, कारण तो तुझ्याबद्दल खोटं पसरवतो आणि ते खोटं कुठून फिरून परत येतं यावरून त्याची माणसं कळतात.

बहिर्जी नाईकांचं नाव तू मेसेजमध्ये घेतलंस म्हणून सांगतो. सगळ्यांना त्यांचे वेश आठवतात, फकीर आणि गोंधळी. मला आठवतं ते १६७९ सालचं. जालना लुटून येताना मोगल फौजेने महाराजांना गाठलं होतं, तेव्हा आडवाटेने सगळ्यांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं ते बहिर्जींनी, असं बखरी सांगतात. वाट माहीत होती हे मोठं खरंच, पण ऐनवेळी 'इकडून चला' म्हणाले, हे जास्त मोठं.

राहिला तुझा कॅप्टन. तो ऐकत नाही ही तक्रार माझ्याकडे आणू नकोस. न ऐकण्याचा त्याला हक्क आहे, तो कॅप्टन आहे. जहाज कुठं न्यायचं ते त्याने ठरवायचं, तिथं काय आहे ते तू सांगायचं. तू बातमीतच निर्णय घुसडलास ना, "तिकडं जाऊ नका, मरू," असं, म्हणून त्याने ते हसण्यावारी नेलं. त्याऐवजी म्हण, "तिथं दोन नौका असाव्यात, बी-३, बातमी दोन आठवडे जुनी." आणि गप्प बस. तरी गेला, तर रुसून मोबाइल काढून बसू नकोस. जम्पमधल्या आठवड्यात जहाजाला बाहेरून काहीच कळत नाही, तो आठवडा रेफरी एका वाक्यात उडवतो. तो मागून घे. जेवणाच्या टेबलाभोवती सगळ्यांना बसव आणि ब्रीफिंग दे, दहा मिनिटांचं. तिथं पोचल्यावर काय दिसलं तर पळायचं, हे पायलटशी आधीच ठरवून टाक. आणि नौका एकच निघाली तर "मी चुकले" म्हणून हमालाला बी वरून सी वर उतरव, सगळ्यांदेखत.

काका

ता. क. या रविवारी मी नाही, बार्शीला लग्न आहे. चिठ्ठ्या बंद करायचं रेफरीला मीच सांगेन असं धरून चालू नकोस, ते तूच बोल. कॉन्टॅक्टची नावं मात्र शनिवारपर्यंत मला पाठव, आणि रायव्हलला कृपा करून 'ब्लॅक कोब्रा' असलं काही नाव ठेवू नकोस.