एक तास बिघडतो, मग अख्खा दिवस का जातो?

“वर्गात एक तास बिघडला की पुढचा सगळा दिवस हातातून जातो. घरी गेल्यावर मुलीवर ओरडते. रात्री तेच तेच आठवत राहतं. मी शिकवायला लायकच नाही का?”

शिक्षक समुपदेशनाला येतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य थोड्याफार फरकाने येतंच. पुढे दिलेला अनुभव अशा काही शिक्षकांच्या अनुभवांतून जुळवलेला आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीच्या वर्गशिक्षिका. नोकरीची १४ वर्षं झालेली, पटावर ४१ मुलं. शिक्षण हक्क कायद्यात उच्च प्राथमिकसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, म्हणजे भार मुळातच जास्त. त्या ज्या दिवसामुळे आल्या तो असा: मधल्या सुट्टीनंतरचा तास, गणित, भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज. मागच्या बाकावरचा एक मुलगा कंपासपेटी वाजवत होता. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्या सगळ्यांसमोर त्याला म्हणाल्या, “डोक्यात काय दगड भरलेत का तुझ्या?” मुलगा रडला आणि वर्ग चिडीचूप झाला. उरलेले तीन तास बाईंनी फळ्यावर मजकूर लिहून “उतरवून काढा” एवढंच सांगितलं. घरी गेल्यावर मुलीचा गृहपाठ राहिला म्हणून तिच्यावर आवाज चढला. रात्री एक वाजेपर्यंत डोळ्यासमोर त्या मुलाचा चेहरा होता. दुसऱ्या दिवशी परिपाठाला उभ्या राहतानाच छाती जड झालेली.

या सगळ्याला बाई “वाईट दिवस” म्हणत होत्या. पण घटना जेमतेम तीन मिनिटांची होती. बाकीचं तिच्या मागून घरंगळत आलं. मदत करायची तर ती कुठे करायची, हे यावरून ठरतं. तीन मिनिटं पूर्णपणे टाळता येतील असं आश्वासन कुणी देऊ नये. ४१ मुलांच्या वर्गात अशी मिनिटं येणारच. ती येण्याआधी काय घडत होतं आणि आल्यानंतर काय घडतं, यात मात्र पुष्कळ बदल करता येतो.

पहिले तीन आठवडे बाईंना फक्त नोंद करायला सांगितली. टाचणवहीत नाही, कारण ती मुख्याध्यापकांच्या सहीला जाते आणि मग माणूस खरं लिहीत नाही. पर्समध्ये मावेल अशी छोटी वही घ्यायची. तास संपला की एक ओळ: कितवा तास, विषय, शून्य ते दहामध्ये ताण किती. दिवसाच्या सुरुवातीला रात्रीची झोप किती तास झाली ते. मधल्या सुट्टीनंतर तीन खुणा: डबा खाल्ला का, पाणी प्यायले का, लघवीला जाऊन आले का. शेवटची खूण वाचून अनेकींना संकोच वाटतो, पण शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या अवस्थेमुळे दिवसभर पाणीच न पिणाऱ्या शिक्षिका कमी नाहीत. दुपारी त्यांचं डोकं दुखतं, घसा बसतो, आणि घसा बसला की आवाज आणखी ताणला जातो.

बाईंच्या वहीत १७ कामाचे दिवस नोंदले गेले. त्यात वाईट दिवस सहा, आणि त्या सहांपैकी पाच मंगळवारी किंवा गुरुवारी आलेले. हे पाहून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या दोन दिवशी सकाळपासून एकही ऑफ तास नव्हता. पोषण आहाराची चव घेणं, वाढताना उभं राहणं आणि ताटांची संख्या भरणं हे त्यांच्याकडे होतं. म्हणजे मधली सुट्टी त्यांच्यापुरती नव्हतीच. डबा उघडला तर उभ्याने दोन घास. आणि लगेच पाचवा तास गणिताचा, तोही सर्वांत अवघड घटकाचा. ज्या पाच दिवशी बिघाड झाला त्यांपैकी चार दिवशी आदल्या रात्रीची झोप साडेपाच तासांहून कमी होती. चौदा वर्षं शिकवणाऱ्या बाई सोमवारी आणि बुधवारी लायक असतात आणि मंगळवारी नालायक होतात, असं तर होत नाही.

त्यानंतरचं काम तासाच्या आतलं होतं. ताण दहावर गेला की कुठलीच युक्ती चालत नाही, हे आधी मान्य करायला हवं. युक्ती सहावर वापरायची. त्यासाठी आपला सहा कसा असतो ते ओळखावं लागतं. बाईंच्या बाबतीत खुणा अशा होत्या: दात आवळले जातात, कानाच्या पाळ्या गरम होतात, आणि एकच सूचना तिसऱ्यांदा तोंडातून निघते. तिसरी खूण सर्वांत उपयोगी, कारण ती मोजता येते. सूचना दोनदा दिली आणि काम झालं नाही, तर तिसऱ्यांदा बोलायचं नाही. खडू खाली ठेवायचा, दारापाशी किंवा खिडकीपाशी दोन पावलं जायचं, पाय जमिनीवर नीट टेकवायचे. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, असं पाच वेळा. पन्नास सेकंद लागतात. उच्छ्वास लांबवला की हृदयाचा वेग खाली येतो, खांदे उतरतात आणि पुढचं वाक्य खालच्या पट्टीत निघतं. डोळे मिटायचे नाहीत, वर्ग नजरेखाली राहिला पाहिजे. छाती फुगवून जोरजोरात श्वासही घ्यायचा नाही. त्याने चक्कर येते आणि “मला हे जमत नाही” ही आणखी एक तक्रार तयार होते.

पण त्या पन्नास सेकंदांत ४१ मुलं काय करणार? इथेच बहुतेक सल्ले तोकडे पडतात. बाईंनी त्यासाठी टेबलाच्या खणात एक पाकीट ठेवलं. त्यात तीन प्रकारचं काम, प्रत्येक दहा-बारा मिनिटांचं, न शिकवता सुरू होणारं आणि तोंडी न बोलता होणारं. एक, तेरा ते सोळाच्या पाढ्यांचा चौकटींचा तक्ता, मधली घरं रिकामी. दुसरं, महाराष्ट्राचा कोरा नकाशा, ३६ जिल्ह्यांपैकी आठवतील तेवढे भरायचे. तिसरं, भाषेच्या पुस्तकातली कोणतीही दोन पानं वाचून त्यावर पाच प्रश्न काढायचे, उत्तरं लिहायची नाहीत. बाई म्हणायच्या एवढंच: “वह्या काढा, पाकिटातलं दुसरं काम.” पहिल्या आठवड्यात हे फसलं. बाईंनी पाकीट रागाच्या आवाजात बाहेर काढलं आणि मुलांनी ते शिक्षा म्हणून घेतलं. मग शुक्रवारी, वर्ग मजेत असताना, मुद्दाम दोनदा तेच काम दिलं. त्यानंतर पाकिटाची भीती गेली.

जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून १९७०मध्ये जो निष्कर्ष मांडला तो प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. गोंधळ झाल्यावर शिक्षक कशा पद्धतीने रागावतो याने वर्गाच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो गोंधळाआधी तास कसा चालला आहे, शिक्षकाचं लक्ष सगळीकडे आहे हे मुलांना जाणवतं का आणि कामाची लय तुटते का, यावरून. बाईंचा पाचवा तास रोज पहिली सहा-सात मिनिटं तुटलेला असायचा: हजेरी, ताटं ठेवायला गेलेली मुलं, वह्या वाटप. कंपासपेट्या त्याच वेळात वाजायच्या. तास सुरू होताना फळ्यावर दोन सोपी उदाहरणं आधीच लिहून ठेवायची, एवढ्या बदलाने ती मिनिटं भरली.

आता त्या मुलाचं. बाईंना सर्वांत जास्त तेच खात होतं, आणि त्या सर्वांत जास्त तेच टाळत होत्या. “माफी मागितली तर मुलं डोक्यावर बसतील.” मुलं डोक्यावर बसतात ती नियम रोज बदलले की. चूक कबूल करणाऱ्या शिक्षकाच्या नाही. माफी कशी मागायची हे मात्र ठरवून जावं लागतं. वर्गाच्या दाराशी, इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी, तीन वाक्यं: “परवा मी तुला सगळ्यांसमोर जे बोलले ते चुकीचं होतं. तसं मी बोलायला नको होतं. कंपास वाजली तर मी तुला नुसती खूण करीन, तू थांब.” मध्ये “पण तूसुद्धा” आणायचं नाही. “पण” आला की माफी रद्द होते. मुलाकडून “सॉरी बाई” वदवून घ्यायचं नाही, चॉकलेट द्यायचं नाही, आपण किती थकलो होतो ते सांगायचं नाही. बाईंना समजून घेण्याची जबाबदारी अकरा वर्षांच्या मुलाची नाही. अपमान चारचौघांत झाला असेल तर वर्गासमोरही एक वाक्य हवं: “परवा मी रागात वाईट बोलले, आपल्या वर्गात तसं कुणी कुणाला बोलायचं नाही, मीसुद्धा.” बाई हे बोलल्या. वर्गाने नुसतं ऐकलं आणि तास सुरू झाला. त्यांना काहीतरी मोठं घडेल असं वाटलं होतं. मुलगा आठवडाभर तुटकच वागला, आणि ते त्याला वागू द्यावं लागतं.

“मी नालायक” या विचारावर आम्ही विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे विचार तर्काला धरून आहे का ते तपासत, काम केलं. ही पद्धत मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराचा गाभा असा की कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. शिक्षकांना हे समजवायला वेगळं उदाहरण लागत नाही. एखाद्या मुलाला एका चाचणीत शून्य मिळालं म्हणून त्याच्या प्रगतिपुस्तकावर कुणी “मुलगा नापास” लिहीत नाही; आकारिक मूल्यमापनात निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प सगळं धरतो. बाईंना तीच नोंद स्वतःबद्दल लिहायला सांगितली, वर्णनात्मक नोंदी लिहितात तशी. त्यांनी लिहिलं: “मंगळवारी पाचव्या तासात आवाजावर नियंत्रण राहत नाही. सकाळच्या तासांत मुलं मोकळेपणाने शंका विचारतात.” दोन्ही वाक्यं खरी होती आणि पहिल्यावर उपाय होता.

वेळापत्रकाचा उपाय मुख्याध्यापकांच्या हातात. पहिल्यांदा बाई गेल्या आणि म्हणाल्या, “सर, मला फार ताण येतोय.” उत्तर आलं, “मॅडम, सगळ्यांनाच आहे.” ते उत्तर निष्ठुर वाटलं तरी त्या वाक्याला दुसरं उत्तर देणंही अवघड आहे. दुसऱ्यांदा त्या अर्धं पान घेऊन गेल्या. त्यावर दोन मागण्या: मंगळवार-गुरुवारचं गणित दुसऱ्या तासाला आणि पाचव्याला कार्यानुभव, आहाराची जबाबदारी सात शिक्षकांत आळीपाळीने. खाली एक ओळ, “एक महिना करून पाहू.” गणिताची अदलाबदल लगेच झाली. आळीपाळी झाली नाही, दोन सहकाऱ्यांनी नकार दिला. महिन्याची मुदत मागितली की होकार मिळणं सोपं जातं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

घरी पोहोचण्याआधीची वीस मिनिटं आम्ही वेगळी काढली. शाळा सुटल्यावर वर्गातच बसून तीन ओळी: काय झालं (विशेषणं न वापरता), त्यात माझ्या हातात काय होतं, उद्या पहिलं काम कोणतं. वही मिटून शाळेतच ठेवायची. मग काहीतरी खायचं, शेंगदाणे-गूळ, केळं, काहीही. एक वाजता दोन घास खाल्लेल्या माणसाला साडेपाचला जो संताप येतो त्यात भुकेचा वाटा मोठा असतो. घरी सासूबाईंना आणि मुलीला आधीच सांगून ठेवलं, “आल्यावर पंधरा मिनिटं मला काही विचारू नका.” नवऱ्याशी शाळेचं बोलायचं ते पंधरा मिनिटं, एकदाच. रात्री अकरापर्यंत तीच घटना चार वेळा सांगितल्याने मन मोकळं होत नाही, घटना ताजी राहते. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्री आठनंतर मूक केला. माहिती तातडीने हवी असेल तर फोन येतोच.

हे सगळं साध्या वाईट दिवसांसाठी. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन झोप लागत नसेल, भूक गेली असेल, तर वही आणि पाकीट पुरत नाहीत. मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासावी, कारण थकवा आणि चिडचिड यांचं मूळ तिथेही असतं. चाळिशीनंतर पाळीतले बदलही विचारात घ्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवलं आणि तिची तीन अंगं सांगितली: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. वर्गातल्या मुलांची नावं घ्यायचीही इच्छा उरली नाही, “ही पोरं” एवढंच तोंडी येऊ लागलं, तर दुसरं अंग सुरू झालं आहे. हात उगारला गेला असेल तर उशीर करू नये. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, आणि हात उचलणाऱ्या शिक्षकालाही त्या क्षणी मदतीची गरज असते. जगणं नकोसं वाटत असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येतं.

बाई एकूण सात वेळा आल्या. शेवटच्या पाच आठवड्यांच्या वहीत चार वाईट तास होते. त्यांतले तीन त्या तासातच संपले. चौथा घरापर्यंत गेला, त्या दिवशी निवडणुकीच्या प्रशिक्षणाहून थेट वर्गावर आल्या होत्या. नकाशाचं काम मात्र बदलावं लागलं. मुलांना ३६ जिल्हे पाठ झाले होते आणि सहा मिनिटांत वह्या मिटल्या जात होत्या, म्हणून त्या जागी आता नद्या आहेत.