डबल डोस देऊनही गोचिडी मरत नाहीत

प्रश्न: डॉक्टर, आमचा गोठा वाळपईजवळ, चार गायी आहेत. आधी डेल्टामेथ्रिन फवारलं की गोचिडी दुसऱ्या दिवशी गळून पडायच्या, आता डबल डोस देऊनही चिकटूनच. औषध डुप्लिकेट येतंय का? गोचिडीचं एन्झाइम चेक करतात म्हणे, ते काय असतं? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर: दादा, पहिलं म्हणजे डबल डोस आजच बंद करा. त्यानं कमजोर तेवढ्या मरतात, चिवट उरतात आणि एकेक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, म्हणजे पुढची सगळी पिढी चिवटच. औषध डुप्लिकेट असूही शकतं, पण आधी लिटरला किती मिली घालता आणि कान, कास, शेपटीखाली नीट भिजतं का ते बघा.

आता एन्झाइमचं. एन्झाइम म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं. गोचिडीच्या अंगात एस्टरेज, जीएसटी (ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज, टॅक्सवाला नव्हे), पी-४५० अशी एन्झाइम्स असतात, ती विष फोडून निकामी करतात आणि चिवट गोचिडीत ती बऱ्याचदा जास्त सापडतात. लॅबमध्ये अंड्यांतून निघालेली गोचिडीची पिल्लं चिरडून त्या रसात अल्फा-नॅफ्थिल ॲसिटेट नावाचं रसायन घालतात, एस्टरेज ते फोडतं, मग फास्ट ब्लू डाय टाकला की रंग येतो, रंग जितका गडद तितकं एन्झाइम जास्त, आणि हे औषधाला मरणाऱ्या गोचिडींशी ताडून बघायचं. पण एन्झाइम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण डेल्टामेथ्रिन मज्जातंतूतल्या ज्या सोडियम चॅनलला (नसेतून संदेश जाण्यासाठी उघडझाप करणाऱ्या सूक्ष्म दाराला) धरतं तोच बदललेला असला तरी औषध लागत नाही. म्हणून जिवंत पिल्लं औषध लावलेल्या कागदाच्या पाकिटात २४ तास ठेवून किती मरतात तेही बघायलाच हवं, माझ्या मते हीच मुख्य टेस्ट.

यासाठी फवारणीच्या आधी टम्म फुगलेल्या पंधरा-वीस माद्या काढा, बाटलीच्या तोंडाला कापड बांधा, स्पिरिट अजिबात नको, कारण त्यांनी जिवंत राहून अंडी घालायला पाहिजेत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा, पुढे कुठे पाठवायचं ते सांगतील. उत्तर प्रदेशात इज्जतनगरच्या आयव्हीआरआयमध्ये (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत) यावर बरंच काम झालंय. रिपोर्टला महिना-दीड महिना धरून चाला, अंडी फुटायलाच वेळ लागतो.

तोवर डेल्टामेथ्रिन सोडून सायपरमेथ्रिन आणू नका, दोन्ही एकाच घराण्यातली. अमिट्राझ वेगळ्या गटातलं आहे, पण डॉक्टरांना विचारूनच. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन मनानं टोचू नका, दुधात उतरतं. आणि गोठा चिऱ्यांचा असेल तर फटी बुजवा, फुगलेली मादी गाईवरून उतरून तिथेच अंडी घालते.