‘फटीग क्रॅक ग्रोथ’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न असा आला आहे: नागपुरात उच्च दाबाच्या गॅस सिलिंडरच्या तपासणीवर कामगारांसाठी मराठी माहितीपत्रक तयार होतंय. त्यात ‘फटीग क्रॅक ग्रोथ इन हाय-स्ट्रेंग्थ स्टील’साठी (म्हणजे ताणाच्या वारंवार चढउताराने अशा पोलादातली भेग वाढत जाणं) ‘मजबूत पोलादातील थकवाजन्य तडा-वृद्धी’ असं लिहिलं आहे. हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांत हे कळेल का?

शब्द ओळखीचे आहेत, पण त्यांतून अर्थ चुकीचा पोचतो. सगळ्यात जास्त घात ‘मजबूत’ करतो. पत्रकाला द्यायचा आहे इशारा आणि हा शब्द देतो दिलासा.

मराठीत धातूच्या गुणांना वेगवेगळे शब्द आहेत: कडक, चिवट, ठिसूळ. ‘मजबूत’ म्हटलं की हा भेदच पुसला जातो. सामर्थ्य म्हणजे कायमचा आकार न बदलता पोलाद किती ताण सोसतं ते. चिवटपणा म्हणजे भेग असतानाही तिला एकदम फाटू न देण्याचा गुण. सिलिंडरचं क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद पाणी देऊन (तापवून झटकन थंड करून) आणि मग टेंपर करून (पुन्हा बेताचं तापवून) सामर्थ्यवान करतात. सामर्थ्य जसजसं वर नेलं जातं तसतसा चिवटपणा सहसा उतरतो. शिवाय सामर्थ्य जास्त म्हणून भिंत पातळ ठेवली जाते, आणि पातळ भिंतीत तेवढ्याच दाबाला ताण जास्त येतो. ताण दुप्पट झाला आणि चिवटपणा तेवढाच राहिला, तर सिलिंडर फाटायला आधीच्या चौथाई खोलीची भेगही पुरते. आणि भेग वाढण्याचा वेग? तो पोलादाच्या सामर्थ्यावर फारसा अवलंबून नसतो. म्हणून ‘उच्च सामर्थ्याचं पोलाद’ असंच लिहा आणि लगेच पुढच्या वाक्यात चिवटपणाचा उल्लेख करा.

आता ‘थकवा’. थकवा विश्रांतीने जातो, आणि कामगार हाच अर्थ घेणार. सिलिंडर महिनाभर रिकामं ठेवलं तरी भेग तसूभरही मिटत नाही. ‘श्रांती’ शब्दाचीही तीच गत आहे, तरी पारिभाषिक म्हणून तो तांत्रिक लेखनात चालू द्यावा. ‘झीज’ मात्र अजिबात नको. झिजताना माल जातो, भिंत पातळ होते आणि जाडी मोजली की ते कळतं. इथे जाडी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रावर आकडा पूर्ण येतो आणि बाजूलाच भेग असू शकते. ती पकडायला तिरपा प्रोब किंवा चुंबकीय कणांची तपासणी लागते. ‘झीज तपासा’ असं लिहिलंत तर तपासणारा चुकीचं यंत्र उचलेल.

कामगाराला सरळ सांगा: ‘दाबाच्या वारंवार चढउतारामुळे’. खरं कारण याच शब्दांत आहे, नुसता दाब किंवा नुसतं वय हे कारण नाही. 1963 साली पॅरिस आणि अर्डोगन यांनी मांडलेल्या नियमानुसार, पोलादात भेगेची दर फेरीतली (एकदा भरणं आणि रिकामं करणं म्हणजे एक फेरी) वाढ साधारणपणे ताणाच्या चढउताराच्या घनाच्या प्रमाणात होते. सीएनजीचं सिलिंडर 20 बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) उतरवून 200 बारपर्यंत भरलं तर चढउतार 180 बारचा. 110 बारलाच पुन्हा भरलं तर 90 बारचा, म्हणजे अर्धा. अर्ध्या चढउताराला दर फेरीतली वाढ एक अष्टमांश. फेऱ्या दुप्पट झाल्या तरी एकूण वाढ चौथाईच. हिशेब ढोबळ आहे, कारण सरासरी दाबाचाही थोडा परिणाम होतो. पण ‘थकवा’ या शब्दातून यातलं काहीच कळत नाही. गॅसमध्ये ओल आणि हायड्रोजन सल्फाइड असेल, तर हाच वेग आणखी वाढतो.

‘तडा’ आणि ‘भेग’ यांत मी भेगेच्या बाजूने आहे. तडा जातो आणि काम तिथेच संपतं. भेग पडते आणि वाढत राहते. वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीत उन्हाळाभर रुंदावणारी भेग सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे ‘भेगेची वाढ’ कोणाला समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच की मातीची भेग पावसात बुजते, पोलादाची बुजत नाही. ‘वृद्धी’ हा मंगलकार्यातला शब्द इथे शोभत नाही, ‘वाढ’ पुरे.

वर्कशॉपमध्ये अजून ऐकू येणारं ‘लोखंड क्रिस्टलाइज झालं’ हे वाक्यही पत्रकात येऊ देऊ नका. तुटलेल्या तोंडावर बहुधा दोन भाग दिसतात: एक गुळगुळीत, त्यावर भेगेच्या उगमाभोवती एकाबाहेर एक कमानी, दुसरा खडबडीत, दाणेदार. कमानींचा भाग हळूहळू वाढलेल्या भेगेचा, दाणेदार भाग शेवटी एकदम तुटलेला. दाणे नव्याने झालेले नसतात. पोलाद मुळातच स्फटिकमय असतं.

‘हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) पास म्हणजे भेग नाही’ असं सुचवणारी वाक्यं काढून टाका. त्या दाबाला फुटेल एवढी मोठी भेग नव्हती, इतकंच ती चाचणी सांगते. सीएनजी सिलिंडरची ही चाचणी दर 3 वर्षांनी करावी लागते. नियमांची भाषा हवी असेल तर पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय नागपुरातच आहे.

मी मजकूर असा लिहीन: ‘सिलिंडर वारंवार भरल्याने आणि रिकामं केल्याने पोलादात बारीक भेग पडून ती वाढत जाते. भिंतीची जाडी पूर्ण असली तरी भेग असू शकते. उच्च सामर्थ्याच्या पोलादात लहान भेगही धोक्याची असते.’ त्याखाली ‘चरा’, ‘पोचा’ आणि ‘गंजाचा खड्डा’ हे तीन शब्द वेगवेगळे द्या, ‘दोष’ या एका शब्दात कोंबू नका. सिलिंडर बांधणाऱ्या पट्ट्याखाली घासून पडलेला चरा ही भेग नव्हे, पण भेग तिथूनच सुरू होऊ शकते. म्हणून पट्टा सोडवून खाली पाहावं, हेही लिहा.