हातात धरून पक्षी टिपायचे, तर लेन्स कोणती?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून माझे वय ६१ वर्षे आहे. गेली तीन वर्षे मी सकाळी अंबाझरी तलावाच्या काठाने आणि गोरेवाड्याच्या परिसरात पायी फिरून पक्ष्यांची छायाचित्रे काढते. माझ्याकडे निकॉनचा डी५६०० कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची एएफ-पी लेन्स आहे. पक्षी चौकटीत फार लहान येतो आणि छायाचित्र कापून मोठे केले, की पिसांचा तपशील उरत नाही. दुकानदार १५०-६०० मिमी सुचवतात, मुलगा निकॉनची २००-५०० मिमी घे म्हणतो, तर सोबत फिरणाऱ्या एका पक्षीमित्रांनी वापरलेली ५०० मिमी पीएफ लेन्स शोधण्याचा सल्ला दिला आहे. ट्रायपॉड नेणे मला जमत नाही आणि हा खर्च मी एकदाच करणार आहे. मी काय घ्यावे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि ती कॅमेऱ्याची नसून लेन्सच्या पल्ल्याची आहे. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिमी रुंद असून त्यावर रुंदीत ६,००० बिंदू (पिक्सेल) मावतात. दहा मीटरवरच्या तारेवर बसलेला वेडा राघू शेपटीच्या टोकापर्यंत साधारण १६ सेंटिमीटर धरला, तर ३०० मिमीला चौकटीची रुंदी त्या अंतरावर ७८ सेंटिमीटर असते आणि पक्ष्याच्या वाट्याला सुमारे १,२०० बिंदू येतात. ५०० मिमीला तीच चौकट ४७ सेंटिमीटरवर येते आणि पक्ष्याला २,००० हून अधिक बिंदू मिळतात. लांबीत ही वाढ पावणेदोनपटीहून थोडी कमी असली, तरी क्षेत्रफळात ती पावणेतीनपटीहून अधिक आहे, आणि पिसांचा तपशील क्षेत्रफळावरच ठरतो. म्हणून ३०० वरून ५०० वर जाणे हा खराखुरा बदल आहे. ५०० वरून ६०० वर जाणे मात्र लांबीत केवळ वीस टक्क्यांची भर घालते.

मात्र हे गणित पक्षी जवळ असेल तेव्हाच कामी येते. अंबाझरीच्या बांधावरून दीडशे मीटरवर पोहणाऱ्या हळदीकुंकू बदकासाठी कितीही मोठी लेन्स पुरी पडत नाही. फेब्रुवारी उलटला, की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पाण्यावरची आणि माळावरची हवा थरथरू लागते आणि त्या थरथरीतून आलेली प्रतिमा कोणत्याही काचेने स्पष्ट होत नाही, उलट लेन्स जितकी लांब तितकी ती थरथरही मोठी होऊन दिसते. ज्यांना नागपूरच्या उन्हाळ्यात दूरची छायाचित्रे पुसट आल्यामुळे लेन्स सदोष वाटते, त्यांनी तीच लेन्स पहाटे पंधरा मीटरवरच्या पक्ष्यावर वापरून पाहावी, एवढी माझी विनंती आहे.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. आपण हातात धरून काम करणार आहात, म्हणून वजन हा आपल्यासाठी लेन्सचा दुय्यम गुण नाही. काचेच्या दर्जाइतकाच तो चित्राच्या स्पष्टतेवर परिणाम करतो. एके काळी मी अडीच किलोच्या आसपासची लेन्स गोरेवाड्यात गळ्यात अडकवून फिरत असे. घरी येऊन वेळेप्रमाणे छायाचित्रे लावली, की पहिल्या तासातील चित्रे काटेकोर स्पष्ट आणि त्यानंतरची जवळजवळ सगळीच किंचित हललेली दिसत. त्याहून अधिक नुकसान न काढलेल्या चित्रांचे होते, कारण दंड भरून आले, की लेन्स डोळ्यापर्यंत उचलायला अर्धा सेकंद जास्त लागतो आणि शिंपी किंवा सुभग तेवढा वेळ एका फांदीवर थांबत नाही.

आपण विचारलेल्या लेन्सची वजने अशी आहेत. निकॉन २००-५०० मिमी एफ/५.६ (एफचा आकडा जितका लहान, तितका आत येणारा प्रकाश जास्त) ही २०१५ साली आलेली लेन्स ट्रायपॉडच्या कड्यासह २,३०० ग्रॅमची आहे. दुकानदार ज्या १५०-६०० मिमीबद्दल बोलत आहेत, ती सिग्माची कंटेम्पररी असेल तर सुमारे १,९३० ग्रॅम आणि टॅमरॉनची जी२ असेल तर सुमारे २,००० ग्रॅम भरेल. सिग्माचीच स्पोर्ट नावाची १५०-६०० मात्र २,८६० ग्रॅमची आहे, तेव्हा पावती करण्यापूर्वी नाव नीट वाचून घ्यावे. निकॉन ५०० मिमी एफ/५.६ पीएफ ही २०१८ सालची लेन्स केवळ १,४६० ग्रॅमची आहे. पीएफ म्हणजे फेज फ्रेनेल. त्या एका खास काचेमुळे अनेक भिंगांचे काम कमी भिंगांत होते आणि लेन्स आखूड व हलकी होते. पक्ष्याच्या मागे तेजस्वी उगमबिंदू, उदाहरणार्थ पाण्यावर चमकणारा सूर्य असेल, तर या काचेमुळे चित्रात कधी कधी कडीसारखा चकाकता डाग येतो, एवढी तिची उणीव सांभाळून घ्यावी लागते.

वजन ग्रॅममध्ये वाचून कळत नाही, म्हणून खरेदीपूर्वी घरी एक प्रयोग करावा. आपला कॅमेरा बॅटरीसह सुमारे ४६५ ग्रॅमचा आहे. म्हणजे ५०० पीएफसह एकूण वजन दोन किलोच्या आत राहते आणि २००-५०० सह ते पावणेतीन किलोंच्या पुढे जाते. दोन लिटर पाण्याने भरलेली बाटली डाव्या तळव्यावर आडवी घेऊन डोळ्याच्या उंचीला तीस सेकंद धरावी, मिनिटभर थांबावे, आणि असे दहा वेळा करावे. नंतर पिशवीत तीन लिटर पाणी घेऊन तेच करावे. सातव्या-आठव्या वेळी आपल्या खांद्याने जे सांगितले, ते कोणत्याही परीक्षणापेक्षा आपल्यासाठी अधिक खरे आहे. मनगटाचा किंवा मानेचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

माझा कौल स्पष्टपणे ५०० पीएफच्या बाजूने आहे. तिची किंमत वापरलेल्या अवस्थेतही बरीच जास्त असते, हे मी जाणून आहे. परंतु आपण खर्च एकदाच करणार आहात आणि पायी फिरणार आहात, या दोन्ही गोष्टी तिच्याकडेच बोट दाखवतात. तिला झूम नाही आणि हीच तिची खरी अडचण आहे. आपल्या कॅमेऱ्यावर ५०० मिमीचा दृश्यकोन चौकटीच्या कर्णात जेमतेम सव्वातीन अंशांचा असतो, त्यामुळे पहिले काही आठवडे पक्षी चौकटीत सापडणारच नाही. पक्ष्यावरून नजर न हलवता कॅमेरा डोळ्याकडे आणण्याची सवय करावी, दुसरा डोळा उघडा ठेवावा, आणि घराच्या गच्चीवरून घारी व कबुतरे शोधत रोज पंधरा मिनिटे सराव करावा. झूमवाल्यांना २०० मिमीला पक्षी शोधून ५०० मिमीला जाण्याची सोय असते हे खरे, पण मी पाहिले आहे, की पक्षी समोर आला की बहुतेक जण लेन्स शेवटच्या टोकालाच नेऊन ठेवतात.

पीएफ मिळाली नाही किंवा परवडली नाही, तर दोन लिटरच्या प्रयोगात आपले हात कसे राहिले यावर दुसरी निवड ठरवावी. हात स्थिर राहिले असतील, तर सिग्माची कंटेम्पररी १५०-६०० घ्यावी; ६०० मिमीला तिचे अ‍ॅपर्चर एफ/६.३ होते, म्हणजे एफ/५.६ च्या तुलनेत एक-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कमी, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. हात थकले असतील, तर सुमारे १,१६० ग्रॅमची सिग्माची १००-४०० पाहावी. मग पल्ला ४०० पर्यंतच वाढेल, पण सकाळभर ती आपल्या हातात राहील. मुलाने सुचवलेल्या २००-५०० मिमीच्या दर्जाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला जिप्सीच्या कठड्यावर वाळूची पिशवी ठेवून काम करणाऱ्यास मी ती आनंदाने सुचवली असती.

एक तांत्रिक बाब कोणी आपल्याला सांगितली नसावी. डी५६०० मध्ये लेन्सनुसार फोकसची बारीक दुरुस्ती करण्याची सोय नाही. एखादी लेन्स नेहमीच पक्ष्याच्या किंचित पुढे किंवा मागे फोकस करीत असेल, तर सिग्माचा यूएसबी डॉक किंवा टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल वापरून ती दुरुस्ती लेन्समध्येच करता येते; निकॉनच्या लेन्ससाठी मात्र सेवा केंद्र गाठावे लागते. म्हणून कोणतीही लेन्स आपल्याच कॅमेऱ्यावर लावून, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, आठ-दहा मीटरवरच्या छापील कागदावर तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

हात स्थिर ठेवण्याविषयीही थोडे लिहितो, कारण नवी लेन्स आल्यावर लगेच निराशा होते ती याच ठिकाणी. हाताच्या कंपनासाठी फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्याला, दीडने गुणावे आणि शटरचा वेग सेकंदाचा तितकावा भाग धरावा. ५०० मिमीला तो १/८०० सेकंद होतो. व्हीआर, म्हणजे लेन्समधील कंपन कमी करणारी यंत्रणा, हा वेग बराच खाली आणू देते, परंतु ती आपला हात सावरते, पक्ष्याची मान नाही. म्हणून बसलेल्या पक्ष्यालाही मी १/८०० च्या खाली फारसा जात नाही आणि उडत्या नदी सुरयासाठी १/२००० किंवा त्याहून जलद ठेवतो. हिवाळ्यात सकाळी सातला त्यासाठी आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यावा लागला, तरी नि:शंकपणे न्यावा. दाणेदार चित्र सुधारता येते, हललेले चित्र सुधारता येत नाही. डावा तळवा लेन्सच्या खाली, तोल साधेल तिथे असावा, कोपरे बरगड्यांना टेकलेली असावीत आणि जवळ झाड असेल तर खांदा बुंध्याला लावावा. तीन-चार चित्रांची माळ घ्यावी, कारण बटण दाबतानाचा झटका बहुधा पहिल्या चित्रात जातो. पट्टा कॅमेऱ्याला न अडकवता लेन्सच्या कड्याला अडकवून तिरका खांद्यावर घ्यावा, म्हणजे वजन मानेवर येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी३५०० आहे. निकॉनचीच जुनी ८०-४०० मिमी एफ/४.५-५.६ डी व्हीआर लेन्स मला चांगल्या किमतीत मिळत आहे. ती घ्यावी का? आणि नसेल घ्यायची, तर सध्याच्या ७०-३०० ला २एक्स कन्व्हर्टर लावून चालेल का?
— एक विद्यार्थी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ती लेन्स घेऊ नये. तिच्यात फोकस फिरवणारी मोटर नाही. ते काम कॅमेऱ्याने करायचे असते, आणि डी३५०० मध्ये तशी मोटर बसवलेलीच नाही. आपल्याला प्रत्येक पक्ष्यासाठी हाताने फोकस करावा लागेल आणि बसलेल्या राखी बगळ्यापलीकडे फारसे काही साधणार नाही. वापरलेली निकॉन लेन्स पाहताना नावात एएफ-एस किंवा एएफ-पी ही अक्षरे आहेत याची आपण खात्री करावी. एएफ-एस ३०० मिमी एफ/४ ही सुमारे १,४४० ग्रॅमची जुनी लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर फोकस करते. तिला व्हीआर नाही, पण उजेडात ती अतिशय स्पष्ट चित्र देते.

वापरलेली लेन्स हातात आली, की दोन्ही टोकांची झाकणे काढून ती मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरकी धरावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत करावी. धुळीचे चार कण दिसले, तर त्याची काळजी करू नये. व्हीआर सुरू करून बटण अर्धे दाबावे. व्ह्यूफाइंडरमधील प्रतिमा स्थिरावली पाहिजे आणि खरखर ऐकू येता कामा नये. आपल्याकडे पावसाळ्यात लेन्स कापडी बॅगेत बंद राहिली तर बुरशी हमखास धरते, तेव्हा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ती ठेवावी आणि जेलचा रंग बदलला की ते बदलावे.

कन्व्हर्टरचा विचार सोडून द्यावा. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून पल्ला दुप्पट करणारा २एक्स कन्व्हर्टर दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे ३०० मिमीला एफ/६.३ असलेली आपली लेन्स एफ/१३ च्या आसपास जाते आणि तिथे आपल्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस भरवशाचा राहत नाही. त्याऐवजी सकाळी अर्धा तास लवकर निघून, पाठीमागे सूर्य ठेवून, पक्षी बिचकणार नाही अशा बेताने बसत-थांबत पाच मीटर पुढे सरकावे. पंधरा मीटरवरून दहा मीटरवर आलात, तर आपल्या ३०० मिमीला ४५० मिमीचा पल्ला मिळाल्यासारखेच आहे. मात्र घरट्यापाशी असे पुढे जाऊ नये.