वाचकांचे प्रश्न : उर्दू माध्यम ठेवावे की बदलावे?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. गणितात ती मागे पडते, म्हणून तिला इंग्रजी माध्यमात घालावे, असे नातेवाईक सुचवतात. आपले मत काय? – एक पालक, कोंढवा

उत्तर : आधी एक साधी परीक्षा घ्या. ‘बारा लाडू चौघांत सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती?’ हे घरच्या बोलीत विचारा. तिने ‘तीन’ सांगितले आणि वहीतल्या ‘तक़सीम’ (भागाकार) या शब्दापाशीच ती अडली, तर अडचण गणिताची नसून पाठ्यपुस्तकी शब्दांची आहे, ती माध्यम बदलून सुटणार नाही, उलट ‘डिव्हिजन’ हा आणखी अपरिचित शब्द तिच्यापुढे येईल. बोलण्यापुरती नवी भाषा मुले साधारण दोन वर्षांत उचलतात, परंतु त्याच भाषेत विषय समजून उत्तरे लिहिण्याइतकी पकड येण्यास पाच ते सात वर्षे लागतात, असे जिम कमिन्स या अभ्यासकाने दाखवले आहे. (पालकसभेत बहुधा पहिल्याच आकड्याची चर्चा होते!)

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी भाषिक अल्पसंख्याकांकरिता घटनेत कलम ३५०-क आहे, आणि आपल्या पुण्यातील ‘बालभारती’ उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते. मात्र केवळ माध्यम मातृभाषेचे असल्याने गुण वाढत नाहीत. शिक्षकांची पदे रिकामी असतील, तर कोणतेही माध्यम लंगडेच पडते, हे शाळेत जाऊन जरूर तपासा. मराठी २०२० च्या कायद्याने सक्तीचा विषय आहेच. मराठी व इंग्रजीची तयारी विषय म्हणून आत्तापासून नेटाने करून घ्यावी, माध्यम मात्र निदान पाचवीपर्यंत बदलू नये.